मूळ लिथोग्राफ की ऑफसेट प्रत? सही सगळ्यात शेवटी पाहा

स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीची सही, पेन्सिलने घातलेला १२५/३०० असा (तीनशे प्रतींपैकी एकशे पंचविसावी) क्रमांक आणि हाताला जाडसर लागणारा कागद. एवढं दिसलं की चित्र ‘मूळ लिथोग्राफ’च असणार असं बहुतेकांना वाटतं. पण या तिन्ही गोष्टी ऑफसेटवर, म्हणजे पोस्टरं-पुस्तकं छापणाऱ्या यंत्रावर, छापलेल्या प्रतीवरही असू शकतात, आणि दोघांच्या किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

मूळ लिथोग्राफसाठी चित्रकार स्वतः दगडावर किंवा जस्ताच्या पत्र्यावर तेलकट खडूने रेखाटतो. दगड ओला करून तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई रेखाटलेल्या जागीच धरते. सहसा प्रत्येक रंगाला वेगळा दगड. ऑफसेटही तेल-पाण्याच्या याच वैरावर चालतं; फक्त तिथे तयार चित्राचा फोटो घेऊन तो चार रंगांच्या ठिपक्यांत फोडतात.

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि आकाशासारखा फिकट भाग पाहा. निळे, किरमिजी, पिवळे, काळे ठिपके एकसारख्या अंतरावर, बारीक फुलांसारखी वर्तुळं करून बसलेले असतील तर ती ऑफसेट प्रत. लिथोग्राफमध्ये खडूचा दाणा दिसतो: वेडावाकडा, कुठे दाट, कुठे विरळ, मधूनच कोरा कागद डोकावणारा.

ठिपके नाहीत म्हणून लगेच हुरळून जाऊ नका. चित्रकाराचं तैलचित्र समोर ठेवून कारागिराने दगडावर उतरवलेले लिथोग्राफही असतात. बेल्जियन चित्रकार रने माग्रित १९६७ मध्ये गेला. त्याच्या चित्रांवरून त्यानंतर निघालेल्या लिथोग्राफवर त्याच्या हातची सही असणं शक्यच नाही. अशा प्रती नकली नव्हेत, पण मूळ लिथोग्राफच्या भावाने घेण्याजोग्याही नव्हेत.

आता सही. १९७४ मध्ये फ्रान्स-स्पेनमधल्या अँडोरा या छोट्या देशाकडे निघालेला एक ट्रक फ्रेंच कस्टम्सने अडवला, तर आत दालीने सह्या केलेले ४०,००० कोरे कागद निघाले. म्हणजे सही अस्सल ठरली तरी वरचं चित्र कोणी, कधी छापलं हे गुलदस्त्यातच. त्यापेक्षा कागद उजेडासमोर धरा. ‘आर्श’ या फ्रेंच कागदाच्या वॉटरमार्कमध्ये (कागदातच उमटलेल्या खुणेत) अनंताचं चिन्ह (∞) १९८० नंतर आलं. ते दिसत असेल आणि विकणारा १९६८ ची छपाई सांगत असेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

जपणुकीत सगळ्यात मोठं नुकसान होतं ते फ्रेमवाल्याच्या टेबलावर. समास कापले, कागद पुठ्ठ्यावर सपाट चिकटवला की वॉटरमार्क, मागचे शिक्के, कागदाच्या मूळ कडा, सगळे पुरावे गेले. मूळ लिथोग्राफची किंमत तिथेच कोसळते. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्या, गव्हाच्या स्टार्चची खळ आणि आम्लरहित पुठ्ठ्याची चौकट एवढं पुरतं, सेलोटेप नकोच. काच चित्राला टेकू देऊ नये, दमट हवेत कागद तिला चिकटून बसतो. उजेड मंदच, साधारण ५० लक्स (उजेड मोजायचं एकक). ऑफसेटचा किरमिजी आणि पिवळा उन्हात आधी उडतो, म्हणून खिडकीसमोरची पोस्टरं निळी पडतात. लिथोग्राफही उन्हात टिकत नाही. पण ऑफसेट प्रत उडाली तर दुसरी आणता येते, म्हणून अतिनील किरणं अडवणाऱ्या यूव्ही काचेचा खर्च लिथोग्राफवरच करावा.

चित्र आधीच चिकटवलेलं असेल तर घरी वाफ देऊन सोडवायच्या फंदात पडू नका. ते काम कागद-संवर्धकाचं, आणि त्याच्याकडे देण्याआधी भिंगाखाली ठिपके नाहीत ना, ते पाहून घ्या. ऑफसेट प्रतीच्या दुरुस्तीचा खर्च तिच्या किमतीपेक्षा सहज जास्त होतो.