वाळला का?

आत्याच्या ड्रेसिंग टेबलाचा तिसरा खण मृगाच्या पावसात अडकतो, तो दिवाळीच्या सुमारास मोकळा होतो. गिरगावच्या चाळीत हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे पावसाळ्यात लागेल अशी कुठलीही वस्तू त्या खणात ठेवायची नाही, असा घरचा नियमच होता. चाळ पुनर्विकासात गेली, आत्या भाड्याच्या वन-रूम-किचनमध्ये गेली आणि टेबल आमच्या दहिसरच्या फ्लॅटमध्ये आलं. सागवानी, वर वेलबुट्टी कोरलेली आरशाची चौकट, खाली तीन खण. खणांवर आणि चौकटीवर जुनं पॉलिश, बाजूच्या फळ्यांवर कुणीतरी कधीतरी फासलेला पोपटी ऑइल पेंट. त्या पोपटीबद्दल आत्या काकांना दोष देते आणि काका आत्याला.

सगळ्याला मोतिया रंग द्यायचा आणि वरून तपकिरी ग्लेझ (रंगाचा पारदर्शक हात), म्हणजे कोरीव काम उठून दिसेल, असं ठरलं. सागवानाला रंग लावणं हे पाप आहे असं मानणाऱ्यांपैकी मीही आहे. पण बाजूच्या एका फळीला प्लायचं ठिगळ होतं आणि ते पॉलिशखाली लपणारं नव्हतं. जुलैचा पहिला आठवडा होता. सुतारकाका टेबल बघून म्हणाले, “ताई, पाऊस जाऊ दे. आता काही वाळणार नाही.” मी अर्थातच ऐकलं नाही.

वाळणं हा आपला शब्द फार सोशीक आहे. कपडे वाळतात, पापड वाळतात, पॉलिश वाळतं, रंग वाळतो, लाकूडही वाळतं. या एका टेबलावर मात्र “वाळणं” या नावाखाली चार वेगवेगळ्या गोष्टी चालल्या होत्या. चारही मला एकच वाटल्या, त्याचं बक्षीस ऑगस्टमध्ये मिळालं.

आधी लाकडाचं. झाड कापून पन्नास वर्षं झाली तरी लाकूड वाळून संपत नाही. पेशींच्या भिंतींमधलं सेल्युलोज हवेतलं पाणी घेत-सोडत राहतं. हवेची आर्द्रता 85 टक्क्यांच्या आसपास टिकून राहिली, की लाकडात वजनाच्या 17-18 टक्के पाणी मुरतं. मुंबईच्या हिवाळ्यात हे प्रमाण 11-12 टक्क्यांवर येतं. पाणी आलं की लाकूड फुगतं, पण सगळ्या दिशांना सारखं नाही. रेषांच्या लांबीत जवळजवळ शून्य, रुंदीत मात्र चांगलंच. सागवानाची फळी वार्षिक वलयांच्या दिशेने कापलेली असेल, तर पाण्यात एक टक्का फरक पडला की रुंदी साधारण 0.19 टक्के बदलते. आमच्या तिसऱ्या खणाचं तोंड 20 सेंटीमीटर उंच. सहा टक्क्यांच्या फरकाला हिशेब येतो दोन मिलिमीटरच्या थोडा वर. सुताराने वर-खाली मिळून दीड मिलिमीटर फट ठेवली असेल, तर खण अडकणारच. आणि पावसात रंधा मारून तो मोकळा केला, तर मे महिन्यात खुळखुळणार. लाकडाच्या मानाने सागवान शहाणं आहे. बाकीच्यांपैकी बरीच याहून जास्त फुगतात. रंगाने हे थांबत नाही, फक्त हळू होतं. खणाच्या कडांना आणि सरकत्या पट्ट्यांना रंग लावला, तर उरलीसुरली फटही जाते. तिथे मेणबत्ती घासावी, बाकी काही नको.

दुसरं वाळणं पॉलिशचं. जुनं पॉलिश कशाचं आहे हे ओळखायला कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून खणाच्या आतल्या कडेला अर्धा मिनिट दाबून धरला. तो चिकट होऊन तांबूस निघाला, म्हणजे लाख. पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर राहणारे किडे जो राळेसारखा स्राव बाहेर टाकतात, त्यापासून हा चपडा होतो. तो स्पिरिटमध्ये विरघळतो आणि कापडाच्या बोळ्याने लाकडावर चोळला जातो. इथे वाळणं म्हणजे नुसतं स्पिरिट उडून जाणं, लाखेत रासायनिक बदल जवळपास काहीच नाही. म्हणून कित्येक वर्षांनी पुन्हा स्पिरिट लावलं, तरी ती विरघळते.

पण उडून जाणारं स्पिरिट जाताना पृष्ठभागातली उष्णता घेऊन जातं. हातावर सॅनिटायझर घेतल्यावर जो गारवा लागतो, तोच. आता पावसाळ्यात 29 अंश तापमान आणि 85 टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू असतो 26 अंशांच्या आसपास. म्हणजे पृष्ठभाग तीनच अंशांनी गार झाला, की हवेतलं पाणी त्यावर धरू लागतं. हिवाळ्यातल्या कोरड्या दुपारी 30 अंश आणि 45 टक्के आर्द्रता असताना तेच व्हायला तेरा अंश गार व्हावं लागेल, तेवढं काही होत नाही. मी वरच्या छोट्या खणावर लाखेचा हात दिला तो जुलैमध्ये. दहा मिनिटांत खण असा पांढुरका दिसू लागला, की त्यावर कुणी पिठाचा हात पुसला असावा. पाण्याचे बारीक थेंब लाखेच्या थरात अडकून प्रकाश विखुरत होते. गरम चहाचा कप ठेवल्यावर पॉलिशवर जी पांढरी गोल खूण उमटते, तीही अशीच आत शिरलेल्या पाण्याची.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण उजव्या कोपऱ्यावर, उरलेला ऑइल पेंट लावून बघितला. त्या कोपऱ्यावर आत्याची खोबरेल तेलाची बाटली असायची. तिचं वर्तुळ लाकडात उतरलेलं स्पष्ट दिसत होतं. मी पॉलिश पेपर मारला, ओल्या फडक्याने पुसलं आणि रंग लावला. पाच मिनिटांत त्या वर्तुळावर रंग मागे सरकून बारीक बारीक खळगे पडले, देवी आल्यासारखे. तीन आठवड्यांनी अंगठा लावला तर अंगठ्याचा ठसा उमटला.

हे तिसरं वाळणं, ऑइल पेंटचं. यात गंमत अशी, की ऑइल पेंटही तेलामुळेच वाळतो. जवसाच्या तेलाच्या रेणूंमध्ये कार्बनचे दुहेरी बंध पुष्कळ असतात. हवेतला ऑक्सिजन तिथे शिरतो, रेणू एकमेकांना जोडले जातात आणि त्यांचं जाळं तयार होतं. पाणी किंवा स्पिरिट उडतं तसं इथे तेल उडत नाही. उलट तेलाचा थर वाळताना ऑक्सिजन घेऊन वजनाने वाढतो. बाजारातल्या आजच्या ऑइल पेंटमध्ये शुद्ध तेलाऐवजी अल्किड नावाचं रेझिन असतं, पण त्यातही तेलाचेच धागे जोडलेले असतात आणि तेही असेच वाळतात. उघड्या डब्यात रंगावर दुधासारखी साय धरते ती याच कारणाने: ऑक्सिजन वरूनच मिळतो.

तेलात दुहेरी बंध किती, हे मोजायला 100 ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन शोषतं ते बघतात. जवसाचा आकडा 170 च्या पुढे जातो, खोबरेलाचा जेमतेम दहाच्या आत-बाहेर. म्हणजे ऑक्सिजनला धरायला खोबरेलात जागाच नाही. ते लाकडात पन्नास वर्षं राहिलं तरी ओलंच राहणार, आणि वरच्या रंगात मिसळून त्याचंही जाळं नीट विणू देणार नाही. पाण्याच्या फडक्याने ते हलतही नाही. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या फडक्याने दोन-तीनदा, दर वेळी फडकं बदलून पुसावं लागतं. ड्रेसिंग टेबल म्हटलं की खोबरेल, कुंकवाचं मेण आणि पावडर यांचा थर गृहीतच धरायचा. जवसाच्या तेलाने माखलेली फडकी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. ऑक्सिजनशी संयोग होताना उष्णता निघते, ती गोळ्यात कोंडून राहिली तर फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. दोरीवर पसरून वाळू द्यावीत.

पोपटी रंगाचं प्रकरण वेगळं. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता बरीच असते. पिवळ्या-हिरव्या छटांसाठी आणि लवकर वाळावा म्हणूनही ते घालत. घरगुती रंगात शिशाची मर्यादा दहा लाख भागांत 90 भाग असा नियम आपल्याकडे 2016 मध्ये झाला आणि 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीचा रंग कोरड्या पॉलिश पेपरने घासू नये, जाळून तर मुळीच काढू नये. आम्ही पाणी मारत वॉटर पेपरने घासला, पोरांना शेजारी पाठवलं आणि गाळ पिशवीत भरून बांधला.

डिसेंबरअखेर सुतारकाका आले. छोट्या खणाकडे बघून काही बोलले नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी सगळं साफ केलं, लांबी (पुट्टी) भरली आणि लाखेचा पातळ हात दिला. पॉलिशसाठी नाही, रंगाच्या खाली. सागवानात क्विनोन जातीची रसायनं असतात. वाळवीला ती नकोशी असतात, म्हणून सागवान टिकतं. तीच रसायनं पांढऱ्या रंगातून पिवळट डाग होऊन वर येतात. लाख पाण्यात विरघळत नाही आणि टर्पेंटाइनमध्येही नाही, त्यामुळे खालचं खाली आणि वरचं वर राहतं.

मग मोतिया रंग, पाण्यात मिसळणारा. हे चौथं वाळणं. या रंगात प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म गोळे पाण्यात तरंगत असतात. पाणी गेलं, की गोळे एकमेकांवर दाबले जातात, चपटे होतात आणि एकजीव पापुद्रा बनतो. फेव्हिकॉल ओला असताना पांढरा आणि वाळल्यावर पारदर्शक दिसतो तो यामुळेच: गोळे आणि पाणी यांच्या सीमांवर प्रकाश विखुरत होता, त्या सीमाच नाहीशा झाल्या. भिंतीच्या चुन्याचं बरोबर उलटं. ओला चुना भिंत झाकतच नाही, नवशिक्याला वाटतं पातळ झाला. दुसऱ्या दिवशी भिंत पांढरीशुभ्र. चुन्याच्या कणांमध्ये पाणी होतं तिथे हवा आली. कण आणि हवा यांच्या अपवर्तनांकात, म्हणजे प्रकाश वाकवण्याच्या प्रमाणात, फरक मोठा, म्हणून प्रकाश जास्त विखुरतो. आमच्या रंगातल्या टायटॅनियम डायऑक्साइडला हवेची गरज नाही. त्याचा अपवर्तनांक 2.7, भोवतालच्या पापुद्र्याचा दीडच्या आसपास, तेवढा फरक पुरतो.

ग्लेझचं काम मी हट्टाने स्वतः केलं. ग्लेझ म्हणजे पारदर्शक माध्यमात चिमूटभर रंगद्रव्य; आम्ही अंबर ही तपकिरी माती घेतली होती. साधा रंग खालचं झाकतो, ग्लेझ खालचं दाखवतं, पण प्रकाशाकडून दोनदा जकात घेऊन. प्रकाश ग्लेझमधून आत जातो, मोतिया थरावरून परततो आणि पुन्हा ग्लेझमधून बाहेर येतो. समजा, एका खेपेत लाल प्रकाश 70 टक्के पार होतो आणि निळा 40 टक्के. दोन खेपांनंतर लाल 49 टक्के उरतो, निळा 16. आता कोरीव पानाच्या खाचेत ग्लेझ दुप्पट जाड साचलं, तर लाल 24 टक्के आणि निळा तीनसुद्धा नाही. म्हणजे खाच नुसती काळी पडत नाही, ती जास्त उबदार तपकिरी होत जाते. कोकम सरबताच्या ग्लासात कडेला गुलाबी आणि मधे गडद दिसतं, तसंच.

ब्रशने खाचांत कोंबून भरायचं, मग जुन्या सुती साडीच्या फडक्याने उंचवट्यांवरून अलगद पुसायचं. फडकं वेलीच्या देठावरून फिरलं, की देठ मोतिया होऊन वर येतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तपकिरी रेघ मागे राहते. पहिल्या पानाला मी जास्त पुसलं, ते कुपोषित दिसतं. पंखा बंद ठेवावा लागला, कारण जानेवारीच्या कोरड्या हवेत ग्लेझ पुसायच्या आधीच घट्ट होत होतं आणि जोड दिसत होते. जुलैमध्ये जे वाळेना, ते आता थांबेना. वाळणं हवं होतं तेव्हा नव्हतं, नको होतं तेव्हा आलं. मग एका वेळी चौकटीची एकच बाजू घेतली.

हाताला कोरडा लागला म्हणजे रंग पक्का झाला असं नाही. गोळे पूर्ण एकजीव व्हायला दोन-तीन आठवडे जातात, तोवर वर जड काही ठेवू नये. आम्ही फेब्रुवारीपर्यंत आरसा लावलाच नाही.

आत्या बघायला आली तेव्हा तिने आधी पानावर नख लावून बघितलं, मग उजव्या कोपऱ्यावर बोट फिरवलं आणि तेलाची बाटली कुठे ठेवता ते विचारलं. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला.

“तिसरा खण अडकला का?”

“अडकला.”

“बरं,” म्हणाली, आणि पावसाचं बोलायला लागली.