संयोजक रोहिणी (मेंदूतील)

मेंदूच्या तळाशी मोठ्या रोहिण्यांना (धमन्यांना) एकमेकींशी जोडणाऱ्या आखूड रोहिण्या. अग्र संयोजक रोहिणी एकच. ती दोन्ही अग्र मस्तिष्क रोहिण्यांना जोडते आणि जेमतेम ४ मिमी. भरते. पश्च संयोजक रोहिणी दोन, प्रत्येकी साधारण दीड सेंमी.; त्या अंतर्गत कॅरॉटिड रोहिणीपासून (मानेतून मेंदूकडे रक्त नेणारी) मागे जाऊन पश्च मस्तिष्क रोहिणीस मिळतात. या तिघींमुळे विलिस वलय, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेले रोहिण्यांचे कडे, पुरे होते.

वलयाच्या शोधाचे श्रेय वादग्रस्त आहे. इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ फालोपियसच्या १५६१ च्या ग्रंथात त्याचे वर्णन सापडते. त्याच क्षेत्रातील कासेरिओचे चित्र त्याच्या मृत्यूनंतर १६२७ मध्ये छापले गेले आणि स्विस वैद्य वेप्फरने १६५८ मध्ये रचना स्पष्ट मांडली. इंग्रज वैद्य टॉमस विलिसचा ग्रंथ १६६४ चा. त्यातील काही आकृत्या वास्तुविशारद ख्रिस्तोफर रेन याने काढल्या. मात्र एका कॅरॉटिडमध्ये रंगीत द्रव सोडून तो इतर रोहिण्यांत उतरतो, हे विलिसने दाखवले. एक वाट बंद पडली तरी रक्त दुसरीकडून पोहोचते, हा अर्थ त्याने लावला. म्हणून त्याचे नाव टिकणे रास्तच वाटते.

पुस्तकातले सममित वलय प्रत्यक्षात निम्म्याहून कमी मेंदूंत दिसते, असे बहुतेक पाहण्या सांगतात. आकडे जुळत नाहीत, कारण १ मिमी.पेक्षा बारीक रोहिणी कोणी ‘अपुरी’ धरतो, कोणी धरत नाही. शिवाय फॉर्मॅलिनमध्ये (टिकवण्याच्या द्रवात) ठेवलेल्या मेंदूत रोहिण्या रिकाम्या व चपट्या असतात. गर्भावस्थेत पश्च मस्तिष्क रोहिणीला रक्त कॅरॉटिडकडून येते. ती मांडणी पुढेही राहिली, तर पश्च संयोजक रोहिणी जाड राहते. यास गर्भीय प्रकार म्हणतात.

विच्छेदनात मेंदू उचलताना अंतर्गत कॅरॉटिड आधी कापावी. नाहीतर ओढ बसून पश्च संयोजक रोहिणी तुटते. जाळीसारखे आवरण चिमट्याने अलगद काढले की तिसऱ्या मस्तिष्क तंत्रिकेच्या (डोळा व पापणी हलवणाऱ्या मज्जातंतूच्या) जवळून मागे जाणारी ही रोहिणी दिसते.

हे सान्निध्यच रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचे. कॅरॉटिडपासून ही रोहिणी फुटते त्या जागी फुगा (रोहिणीविस्फार) आला की तंत्रिका दाबली जाते: पापणी पडते, बुबुळ बाहेर व खाली वळते, बाहुली मोठी होते. मधुमेहात हीच तंत्रिका दुखावली, तर बाहुली बहुधा शाबूत राहते. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात तोंड वाकडे झाले, हातपाय लुळे पडले की ‘वारं गेलं’ म्हणून धावपळ होते. या फुग्यात मात्र हातपाय चालू असतात, म्हणून रुग्ण आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातो. पापणी पडून बाहुली मोठी असेल किंवा डोके अचानक असह्य दुखू लागले असेल, तर त्याच दिवशी सीटी अँजिओग्राफीची (रक्तवाहिन्यांच्या सीटी तपासणीची) सोय असलेले रुग्णालय गाठावे. फुटलेला फुगा पहिल्या चोवीस तासांत पुन्हा फुटण्याचा धोका सर्वांत जास्त असतो.

फुग्याच्या मानेला क्लिप लावतात किंवा आत कॉइल (तारेचे वेटोळे) भरतात. पश्च संयोजक रोहिणीच्या बारीक फांद्या थॅलॅमसला (मेंदूच्या आतल्या एका भागाला) जातात. त्या क्लिपमध्ये सापडू देऊ नयेत. गर्भीय प्रकारात ही रोहिणी बंद केल्यास मेंदूच्या मागच्या, दृष्टीच्या भागाचा पुरवठा तुटू शकतो.