जुन्या स्पोर्ट्स कारला दुसऱ्या मॉडेलची चाकं: पैसे देण्याआधी हे वाचा

एमजीबी, ट्रायम्फ स्पिटफायर, एखादी जुनी पोर्शे, गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म. अशी गाडी सांभाळणाऱ्याला चाकांचा प्रश्न कधी ना कधी पडतोच. मूळ रिम गंजलेली असते, कुठल्या तरी घाटात खड्ड्यात आदळून वाकलेली असते, नाहीतर चारांपैकी एक गायबच असते. परदेशातून मागवायची म्हटली तर चाकापेक्षा भाडं जड. मग कुणीतरी सुचवतं, अमक्या गाडीची अलॉय घ्या, तिलाही चारच भोकं आहेत.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये या कामासाठी येणाऱ्या ग्राहकांना आमचं एकच सांगणं असतं. भोकं जुळली एवढ्यावर चाक विकत घेऊ नका. आधी मोजा, किंवा मोजायला आमच्याकडे आणा. मोजण्याचे पैसे आम्ही घेत नाही. न बसणारी चाकं घेऊन आलेल्या माणसाला परत पाठवणं आम्हाला जड जातं, म्हणून हे पत्रक.

भोकांचं वर्तुळ

सगळ्या स्टडच्या, म्हणजे नट ज्यावर चढतात त्या बोल्टच्या, मध्यातून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास म्हणजे पीसीडी. चार भोकांच्या चाकाला तो मोजणं सोपं: समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत. पाच भोकांना समोरासमोर भोक नसतं, म्हणून शेजारशेजारच्या दोन भोकांमधलं अंतर घेऊन त्याला 1.701 ने गुणायचं. इथे घाई नको. 5×112 आणि 5×114.3 (आधी भोकांची संख्या, मग मिलिमीटरमध्ये पीसीडी) या दोन चाकांत शेजारच्या भोकांच्या अंतरातला फरक दीड मिलिमीटरही नाही. घरच्या पट्टीने तो कळत नाही, व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घेणारी पट्टी, लागतो.

नेहमी विचारल्या जाणाऱ्या गाड्या अशा. एमजीबी 4×114.3, म्हणजे साडेचार इंच. स्पिटफायर 4×95.25, म्हणजे पावणेचार इंच. एअरकूल्ड, म्हणजे हवेने थंड होणाऱ्या इंजिनच्या, पोर्शे 911 ला 5×130. स्विफ्ट आणि आय-20 ला 4×100. जुन्या फियाट पॅलिओला आणि फियाट 124 स्पायडरला 4×98.

सगळ्यात घातक जोडी 98 आणि 100 ची. 4×100 चं चाक 4×98 च्या हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागावर, ढकललं की जातं, नटही आवळले जातात. पण प्रत्येक स्टड एक मिलिमीटर वाकडा ओढला गेलेला असतो आणि नट भोकात एका बाजूलाच टेकलेला असतो. नट सोडून बघा, लगेच कळतं. नीट बसलेल्या नटाच्या भोकात कडेला सगळीकडे सारखी गोल चमक दिसते. ओढून बसवलेल्या चाकात चंद्रकोरीएवढाच भाग चमकतो, बाकीच्या कडेवर रंग तसाच. असं चाक चोर्ला घाटाच्या उतारावर तापलं, हादरलं की नट सैल पडायला लागतात. काही ठिकाणी भोकं कानसून लांबट करून देतात. ते काम आमच्याकडे होणार नाही, कितीही ओळखीचा माणूस आला तरी.

आपल्याकडे उपयोगी पडणारी एक चांगली गोष्ट इथेच सांगतो. मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेराल्ड म्हणजे ट्रायम्फ हेराल्डच, आणि स्पिटफायर उभी आहे ती हेराल्डच्याच चॅसीच्या घराण्यावर. दोन्हींची भोकं एकच, 4×95.25, स्टडही 3/8 इंची यूएनएफ (इंची मापाच्या बारीक) आटीचे, रिम 13 इंची. त्यामुळे स्पिटफायरला एक-दोन चाकं कमी पडत असतील तर परदेशात शोधण्याआधी कुणाच्या परसात पडलेल्या हेराल्डची चौकशी करा. सुरुवातीच्या स्पिटफायरला ती रूपानेही शोभतात. रिमची रुंदी मात्र बघून घ्या. नंतरच्या स्पिटफायरची रिम साडेचार इंची झाली, हेराल्डची अरुंद आहे. एका ॲक्सलवर दोन रुंदीच्या रिम नकोत.

मारुती 800 ची चाकं एमजीबीला चालतील का, हेही बरेच जण विचारतात, कारण तिचाही पीसीडी 114.3 आहे. चालत नाहीत. 800 ची रिम 12 इंची, एमजीबीला लागते 14. शिवाय एमजीबीचा स्टड अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिलिमीटर, आणि मारुतीचा 12. भोक आणि नट दोन्ही वेगळे. आकडा एक जुळला म्हणून सगळं जुळतं असं नाही.

आत किती, बाहेर किती

पीसीडी जुळल्यावर खरं काम सुरू होतं ते ऑफसेटचं. रिमच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबला टेकणारी पाठ यांच्यातलं अंतर म्हणजे ऑफसेट. चाकाच्या आतल्या बाजूला ‘ईटी’ लिहून पुढे मिलिमीटरमध्ये आकडा कोरलेला असतो. ईटी मोठा तर चाक आत जातं, लहान तर बाहेर येतं.

उदाहरण घ्या. गाडीला 6 इंच रुंद, ईटी 35 चं चाक आहे. तुम्ही 7 इंची, ईटी 20 चं आणलंत. रुंदी एक इंचाने वाढली, म्हणजे दोन्ही बाजूंना 12.7 मिलिमीटर. त्यात ऑफसेट 15 ने कमी. म्हणजे बाहेरची कड 27.7 मिलिमीटर बाहेर येणार आणि आतली कड उलट 2.3 मिलिमीटर बाहेर सरकणार. जवळपास तीन सेंटिमीटर चाक मडगार्डच्या दिशेने. रिकामी गाडी उभी असताना काही दिसत नाही. दोन माणसं बसली, डिकीत सामान पडलं आणि जांबोटीच्या पुढच्या रस्त्यात स्प्रिंग दबली की टायर मडगार्डच्या कडेला घासतो. टायर कापला जातो, नाहीतर पत्रा.

घासण्यापेक्षा मोठं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. पुढचं चाक जितकं बाहेर, तितका व्हील बेअरिंगवर तिरका भार. स्टेअरिंग जड होतं, खड्ड्यात हाताला झटका बसतो, ब्रेक लावला की गाडी एका अंगाला ओढते. पोर्शे 944 मध्ये कंपनीनेच 1987 च्या मॉडेलपासून पुढची जुळणी बदलली आणि चाकांचा ऑफसेट सुमारे 30 मिलिमीटरने वाढवला. गाडी तीच, नाव तेच, भोकंही 5×130 तीच. तरी नंतरच्या सालाची चाकं आधीच्या गाडीला तशीच लावता येत नाहीत. म्हणून आम्ही गाडीचं नाव विचारतो तसं सालही विचारतो. आरसी बुक सोबत असू द्या.

चाक आत जास्त जात असेल तर लोक स्पेसर, म्हणजे हब आणि चाकाच्या मध्ये घालायची चकती, मागतात. हबच्या गोल कडेवर घट्ट बसणारा, एका तुकड्यातून लेथवर काढलेला पातळ स्पेसर आम्ही देतो, आणि त्यासोबत लांब स्टड. स्पेसर घालून जुनेच स्टड ठेवायचे असतील तर आमचा नकार. वॉशर रचून केलेल्या स्पेसरबद्दल तर बोलायलाच नको.

मधलं भोक आणि नट

बहुतेक गाड्यांत चाक मध्यावर बसतं ते हबच्या गोल कडेवर. चाकाचं मधलं भोक त्या कडेपेक्षा लहान असेल तर चाक बसणारच नाही, मोठं असेल तर फट राहते आणि 70-80 च्या वेगाला स्टेअरिंग थरथरतं. टायरवाला चार वेळा बॅलन्सिंग करून देतो, थरथर जात नाही, कारण दोष बॅलन्सिंगमध्ये नसतोच. यावर उपाय सोपा आहे: मधली फट भरणारी ॲल्युमिनियमची रिंग. बेळगावात लेथ आणि सीएनसीची कमतरता नाही. मापाची रिंग त्याच दिवशी काढून मिळते. उलट, लहान भोक मोठं करायचं असेल तर आधी चाकाच्या मध्याची जाडी बघावी लागते. ते आम्ही चाक हातात आल्यावरच सांगू शकतो.

नटाची बैठक तीन प्रकारची असते: उताराची, गोलाईची आणि सपाट. पोर्शेचा नट गोलाईचा. बाजारात मिळणारे बहुतेक नट 60 अंशांच्या उताराचे. उताराचा नट गोलाईच्या भोकात घातला तर तो एका बारीक रेघेवर टेकतो, आवळल्यासारखा वाटतो आणि पन्नास किलोमीटरमध्ये ढिला होतो. आटीही तपासा. मारुतीची आटी 12×1.25 (स्टडची जाडी आणि दोन आट्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये), होंडा-ह्युंदाईची 12×1.5, इंग्लिश गाड्यांची इंची यूएनएफ. हाताने दोन वेढे गेले आणि मग अडलं तर पाना लावू नका.

पत्र्याच्या चाकाचा मध्य पातळ असतो, अलॉयचा जाड. त्यामुळे जुन्या स्टडवर अलॉय लावलं की नटाला धरायला आटी कमी उरतात. ढोबळ नियम असा: स्टड जितका जाड, निदान तितक्या लांबीपर्यंत नट चढायला हवा. अर्धा इंची यूएनएफला दहा वेढे, 12×1.5 ला आठ. नट हाताने फिरवत मोजा.

तारेची चाकं

तारेच्या चाकांची गाडी असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. एमजीबीला मधला मोठा नट सोडताना डाव्या बाजूचा घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरतो, उजव्या बाजूचा घड्याळाच्या काट्याप्रमाणे. आटी मुद्दाम उलटसुलट ठेवलेल्या आहेत, म्हणजे गाडी चालताना नट सुटत नाही. हब बदलताना डावं-उजवं अदलाबदल झालं तर चालत्या गाडीचं चाक स्वतःच सुटत जातं. पत्र्याच्या चाकांच्या गाडीला वरून बोल्टने जोडायचे तारेचे हब मिळतात, पण त्याने चाक बाहेर येतं, आणि मागच्या मडगार्डला घासतं का ते बघितल्याशिवाय आम्ही बसवत नाही. तारेच्या चाकात ट्यूब हवीच. आपल्या पावसात तारांच्या मुळाशी गंज धरतो, म्हणून दसऱ्याआधी एकदा प्रत्येक तार पान्याने ठोकून बघा. सैल तारेचा आवाज बोदा येतो.

टायर

रिम बदलली तरी टायरची एकूण उंची मूळच्या जवळ ठेवा. एमजीबीच्या 165/80 आर 14 (रुंदी मिलिमीटरमध्ये, बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के, रिम किती इंची) टायरचा व्यास जवळपास 620 मिलिमीटर. 15 इंची रिम घेतलीत तर 185/65 आर 15 चा व्यास 621 च्या आसपास येतो, आणि ते माप स्विफ्ट, अर्टिगामुळे बेळगाव-कोल्हापुरात कुठल्याही दुकानात मिळतं. 185/60 घेतलात तर व्यास 603 वर येतो, स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवतो आणि गाडीचं पोट गतिरोधकाला लागतं.

जुन्या बाजारातलं अलॉय घेत असाल तर त्याची चिरेची तपासणी करूनच घ्या. लाल रंग लावून पुसतात, वर पांढरी पावडर मारतात. चीर असेल तर दहा मिनिटांत पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. चिरलेल्या अलॉयला वेल्डिंग करून आम्ही देत नाही.

कागदपत्रं

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीत मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल करण्यावर बंधनं आहेत. मूळ मापाच्या जवळ राहिलात तर अडचण कमी. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेतला व्हिंटेज नंबर घ्यायचा असेल, तर 2021 च्या नियमांनी गाडी मूळ रूपात असणं अपेक्षित आहे. म्हणून मूळ चाकं कितीही वाईट अवस्थेत असली तरी भंगारात देऊ नका. तेल लावून, गोणपाटात गुंडाळून ठेवा. विमा कंपनीला बदल लेखी कळवा.

आमच्याकडे येताना

नवं घेतलेलं एक चाक आणि मूळचं एक चाक, दोन्ही आणा. गाडी आणता आली तर उत्तमच. चाक लावून बघण्याआधी आम्ही ब्रेक कॅलिपरवर, म्हणजे ब्रेकची चकती पकडणाऱ्या भागावर, शाडूच्या मातीच्या गोळ्या चिकटवतो, चाक हाताने फिरवतो आणि उतरवून गोळी किती दबली ते मोजतो. तीन मिलिमीटरपेक्षा कमी फट असेल तर ते चाक पुढे जात नाही. मग स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, मागच्या बाजूला जॅकने स्प्रिंग दाबून मडगार्डची फट बघतो. हे होईपर्यंत टायर चढवत नाही, कारण टायर चढवलेलं चाक विकणारा परत घेत नाही.

बसवल्यावर नट टॉर्क रेंचनेच (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) आवळतो आणि किती आवळले तो आकडा बिलावर लिहून देतो. साधारण शंभर किलोमीटर गाडी चालवून पुन्हा या. संकेश्वरपर्यंत जाऊन आलात तरी तेवढं होतं. तेव्हा नट गार असताना पुन्हा तपासून देतो, त्याचे पैसे नाहीत. स्टेपनीलाही तेच नट बसतात का ते त्याच वेळी बघू. बसत नसतील तर जुन्या नटांचा संच डिकीत ठेवावा लागेल.