लिंबात लवंगा खोचल्याने डास जात नाहीत

पावसाळा लागला की तोच सल्ला पुन्हा फिरू लागतो: लिंबू अर्धं चिरा, त्यात 10-12 लवंगा खोचा, उशाशी ठेवा, डास फिरकणार नाहीत. हे खरं नाही. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल डासांना नकोसं असतं, इथवर ठीक. पण अख्ख्या लवंगेतून ते हवेत अगदी थोडं उतरतं. डास माणसाला शोधतो तो उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवरून, अंगाच्या उबेवरून, घामाच्या वासावरून. लिंबाने ते झाकलं जात नाही. शिवाय डेंग्यू पसरवणारा एडिस जातीचा डास मुख्यतः दिवसा चावतो, रात्री उशाशी ठेवलेल्या लिंबाचा तिथे प्रश्नच येत नाही.

मला खरी काळजी वाटते ती लिंबू ठेवून निर्धास्त होणाऱ्या घरांची. फ्रिजमागचा ट्रे ओढून बघा, कुंडीखालची ताटली उचला. साचलेल्या पाण्यात डोकं खाली करून लटकलेल्या, धक्का लागताच वळवळत तळाशी जाणाऱ्या बारीक अळ्या दिसल्या, तर तिथेच तुमचे डास तयार होताहेत. अंड्यापासून डास व्हायला 8-10 दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा, म्हणजे त्या दिवशी साचलेलं सगळं पाणी काढून टाकायचं. आणि पाणी नुसतं ओतून देऊ नका, भांड्याच्या आतल्या कडा घासा. एडिसची अंडी तिथे चिकटून कोरडीसुद्धा महिनोन्महिने टिकतात. बाळ दुपारी झोपलं तरी मच्छरदाणी लावाच.