खारी मासळी व चोरीस, गोव्यातील : सूक्ष्मजीवविषयक सुरक्षितता

मिठात मुरवून, उन्हात वाळवून किंवा माडाच्या सुरेच्या शिरक्यात (व्हिनेगरात) घालून टिकवलेले मासळी-मांसाचे पदार्थ. पुरुमेंतात, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीत, त्यांना मानाचे स्थान आहे. १ जून ते ३१ जुलै या यांत्रिक मासेमारीबंदीच्या काळात ताज्या मासळीची उणीव तेच भरून काढतात. किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर) व सुंगटांचे बालचाव (कोळंबीचे आंबट-तिखट लोणचे) पानात वाढताना पुन्हा शिजवत नाहीत, त्यामुळे सुरक्षिततेचा प्रश्न तेथे अधिक नाजूक होतो.

चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचे मसालेदार सॉसेज, १५१० नंतरच्या पोर्तुगीज अंमलात रूढ झाले, असे सामान्यतः मानतात. आजचा तिखट मसाला मात्र अमेरिकेतून आलेली मिरची येथे रुजल्यानंतरचा, बहुधा सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातील किंवा त्याहून अलीकडचा असावा. काही अभ्यासक चोरिसाची गणना आंबवलेल्या मांसपदार्थांत करतात. युरोपीय आंबवलेल्या सॉसेजांत लॅक्टिक आम्ल निर्माण करणारे जंतू हळूहळू आम्लता वाढवतात. चोरिसात ती शिरक्यातून पहिल्याच दिवशी येते आणि हे जंतू नंतर वाढतात. म्हणून त्याला आम्लात मुरवलेला पदार्थ म्हणणे अधिक सयुक्तिक दिसते. हा भेद केवळ वर्गीकरणाचा नाही. पीएच मूल्य (आम्लतेचे माप; ते जितके कमी तितकी आम्लता जास्त) ४.६ च्या खाली गेल्यास क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा प्राणघातक विष तयार करणारा जंतू वाढू शकत नाही. पण मांसाच्या जाड तुकड्याच्या गाभ्यापर्यंत शिरको पोचायला वेळ लागतो, आणि तोवर राखण मिठाचीच असते.

मासळीत खरा धोका मीठ लावण्याआधीच सुरू होतो. बांगडा व तारले यांच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल भरपूर असते. बर्फाविना पडून राहिल्यास मॉर्गनेला मॉर्गनी व तत्सम जंतू त्याचे हिस्टामिनात रूपांतर करतात. हिस्टामीन मिठाने, उन्हाने वा तळण्याने नष्ट होत नाही. त्यामुळे होणाऱ्या विषबाधेची चेहरा लाल होणे, डोके दुखणे, अंगावर पित्त उठणे ही लक्षणे पुष्कळदा ‘मासळीची ॲलर्जी’ म्हणून सोडून दिली जातात, हे खेदजनक आहे. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेने हिस्टामिनासाठी प्रतिकिलो २०० मिग्रॅ. ही कमाल मर्यादा घातली आहे. हाताळणाऱ्याच्या हातांवरून येणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू खारटपणा सोसतो, आणि त्याचे विष उकळूनही टिकते. अर्धवट सुकलेली मासळी म्हणूनच पूर्ण वाळलेल्या मासळीपेक्षा घातक. जपानमधील ओसाका येथे १९५० साली अर्धवट वाळवलेल्या तारल्यांच्या पिलांतून २७२ जणांना विषबाधा होऊन २० दगावले. त्या प्रकरणातच जपानी संशोधक फुजिनो यांनी व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस हा जंतू वेगळा काढला.

किसमुराचा गालमो (सुकवलेली बारीक कोळंबी) कोरडा असेतो सुरक्षित असतो. ओले खोबरे व कांदा कालवताच त्यात पाणी येते आणि कोरडेपणाचे संरक्षण संपते. ते जेवणाच्या वेळीच कालवण्याची रीत शास्त्राला धरून आहे. खाऱ्या मासळीवर येणारी गुलाबी छटा मिठागरांतील लवणप्रिय सूक्ष्मजीवांची असते. ते स्वतः विषारी नसले, तरी माल दमट झाल्याची ती खूण होय.

जुलै २०१८ मध्ये फॉर्मेलिन हे विषारी रसायन मासळी टिकवण्यासाठी वापरल्याच्या संशयावरून परराज्यांतील मासळीवर गोव्यात तात्पुरती बंदी आली. रसायनाविषयी जेवढी जागरूकता तेव्हा दिसली, तेवढी जंतूंविषयी दिसत नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ घरगुती उत्पादकांनाही लागू असून त्यांना किमान नोंदणी करावी लागते.