पार्श्वभूमी: गो-लाइव्हच्या निर्णयात इंजिनिअरला विचारतं कोण?

नवं उत्पादन बाजारात सोडायचं की थांबायचं, हे ठरवताना ते बांधणाऱ्या इंजिनिअरचं मत किती धरायचं, हा वाद आयटीवाल्यांना आपला वाटतो. ठाणे-बेलापूर रस्त्यावर तो काचेच्या इमारतींच्या आधीपासून आहे. या पट्ट्यात रसायनांचे कारखाने होते (काही अजून आहेत), आणि शटडाऊननंतर प्लांट पुन्हा चालू करताना परमिटवर मेंटेनन्सची, शिफ्ट इनचार्जची आणि सेफ्टीची सही लागायची. सही नसेल तर व्हॉल्व्ह उघडायचा नाही, असा नियम. भोपाळनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. त्यात धोकादायक कारखान्यातल्या कामगाराला समोर दिसणाऱ्या धोक्याची सूचना देण्याचा हक्क मिळाला, आणि सुरक्षा समितीत व्यवस्थापनाइतकेच कामगार प्रतिनिधी आले. प्रत्यक्षात किती पाळलं गेलं ते बाजूला ठेवू, पण धोका सांगणाऱ्याला कायद्यात जागा तरी होती. पुढे त्यातल्या काही जमिनींवर सॉफ्टवेअर आलं. सॉफ्टवेअरमधून वायू गळत नाही, म्हणून ही जागा कोणी मागितली नाही.

या विषयात नेहमी आठवला जातो तो २७ जानेवारी १९८६ च्या रात्रीचा टेलिफोन. चॅलेंजर या अमेरिकी अवकाशयानाच्या अपघाताची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, ती पुन्हा सांगत नाही. पण बूस्टर पुरवणाऱ्या कंपनीतल्या इंजिनिअरांनी त्या रात्री ५३ अंश फॅरनहाइटच्या खाली उड्डाण नको, असं स्पष्ट सांगितलं होतं. कंपनीने पाच मिनिटं मागून फोन म्यूट केला आणि अर्ध्या तासाने परत आली ती होकार घेऊन. मधल्या वेळात इंजिनिअरिंगच्या प्रमुखाला वरिष्ठाने सांगितलं होतं की इंजिनिअरची टोपी काढ, व्यवस्थापकाची घाल. (मराठीत टोपी घालण्याचा दुसराही अर्थ होतो, आणि तोच इथे जास्त चपखल बसतो.) तळावर हजर असलेल्या कंपनीच्या प्रतिनिधीने सही करायला नकार दिला, तेव्हा दुसऱ्याची सही मुख्यालयातून फॅक्सने आली. या सगळ्यात खरा बदल एकच झाला होता. एरवी ‘सुरक्षित आहे हे दाखवा’ असं विचारलं जायचं. त्या रात्री इंजिनिअरांना ‘धोकादायक आहे हे सिद्ध करा’ असं सांगितलं गेलं.

नवी मुंबईत हा प्रश्न आला तो ‘साइन-ऑफ’ या शब्दातून, आणि तिथेच घोळ झाला.

२००४ मध्ये ठाण्याहून ट्रान्स-हार्बर गाडी सुरू झाली. पुढच्या काही वर्षांत ऐरोली, रबाळे, घणसोली ही कारखान्यांची स्टेशनं आयटीची झाली. परदेशी क्लायंटच्या कामाबरोबर त्यांची प्रक्रियाही आली. बदल मंजूर करणाऱ्या मंडळाला सगळे ‘कॅब’ म्हणायचे, त्यामुळे रात्री अडीचला घरी सोडणारीही कॅब आणि रिलीज अडवणारीही कॅब. या कॅबच्या मागे साइन-ऑफची एक्सेल असायची. डावीकडे टीमची नावं, उजवीकडे ‘गो / नो-गो’.

आता साइन-ऑफ म्हणजे काय? माझ्या वाटणीचं काम मी तपासलं, हा एक अर्थ. मला कळवलं गेलं, हा दुसरा. मला मान्य आहे, हा तिसरा. आणि उद्या काही बिघडलं तर माझ्या दारात या, हा चौथा, जो कुठेच लिहिलेला नसतो. आपल्या सरकारी कचेऱ्यांना लोक नावं ठेवतात, पण तिथे ‘अवलोकनार्थ’, ‘ना-हरकत’ आणि ‘मंजुरी’ हे तीन वेगळे शेरे आहेत. अवलोकनार्थ आलेल्या कागदावर आद्याक्षरं ठोकणारा कारकून योजनेला जबाबदार नसतो. आयटीने हे तिन्ही शेरे एका हिरव्या चौकोनात कोंबले.

ज्यांनी रिलीजच्या त्या शनिवारच्या रात्री काढल्या, त्यांना पुढचा प्रसंग ओळखीचा वाटेल. ब्रिज कॉल, म्हणजे सगळ्या टीमचा एकत्र फोन, चालू. डेटाबेस? गो. नेटवर्क? गो. टेस्टिंग? इथे एक मुलगी सांगते, सेव्हरिटी टूचे, म्हणजे गंभीर, दोन डिफेक्ट उघडे आहेत, महिनाअखेरच्या बॅचमध्ये, म्हणजे सगळे व्यवहार एकगठ्ठा चालतात तेव्हा, रक्कम दोनदा पडू शकते. पलीकडून विचारणा होते, वर्कअराउंड, म्हणजे तात्पुरता उपाय, आहे ना? आहे, पण हाताने करावं लागेल. चार-पाच सेकंद कोणी बोलत नाही. मग तिचा चौकोन पिवळा होतो आणि शेजारी शेरा पडतो, ‘गो विथ नोन इश्यूज’. तिने ‘गो’ म्हटलेलंच नसतं. महिनाअखेरीस बॅच दोनदा पडते, तेव्हा आरसीएच्या, म्हणजे बिघाडाचं मूळ कारण शोधण्याच्या, बैठकीत हीच फाइल उघडली जाते, आणि त्या ओळीपुढे नाव तिचं असतं. मी अशा दोन बैठकांना बसलो आहे. दोन्हीत पिवळा रंग कोणी दिला, हे विचारलं गेलं नाही.

व्यवस्थापनाची बाजू अगदीच पोकळ नाही. इंजिनिअरला विचारत बसलं तर काहीच बाहेर पडणार नाही, प्रत्येकाला आणखी दोन आठवडे हवे असतात, हे खरं आहे. यावर सगळ्यात हुशार तोड काढली ती एका मोठ्या सर्च कंपनीने. २००३ पासून तिथे सेवा चालती ठेवणाऱ्या इंजिनिअरांची वेगळी फळी उभी राहिली आणि त्यांनी भांडण अंकगणितात बसवलं. सेवा ९९.९ टक्के चालली पाहिजे असं ठरलं, तर तीस दिवसांत सुमारे ४३ मिनिटं बंद पडायची मुभा. मुभा शिल्लक आहे तोवर हवं ते सोडा, संपली की नवीन रिलीज बंद. नकार कोणा माणसाचा नाही, आकड्याचा. २०१६ मध्ये ही पद्धत पुस्तकरूपाने बाहेर आली आणि आपल्याकडेही भराभर डॅशबोर्ड लागले. डॅशबोर्ड घेतला, ‘संपली की बंद’ हा भाग मात्र बऱ्याच ठिकाणी वाटेतच राहिला.

थांबवणं जमतच नाही, असंही नाही. १५ जुलै २०१९ च्या पहाटे श्रीहरिकोट्यात राष्ट्रपती हजर होते, देश टीव्हीपुढे जागा होता, आणि चांद्रयान-२ चं उड्डाण ५६ मिनिटं आधी थांबवलं गेलं. आठवड्याने, २२ तारखेला, यान गेलं.

दरम्यान विषय सहीवरून पैशावर आणि कायद्यावर आला. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतल्या एका दलाली पेढीने आठपैकी सात सर्व्हरवर नवा कोड चढवला, आठवा राहून गेला. पाऊण तासात सुमारे ४४ कोटी डॉलर बुडाले. एप्रिल २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या एका बँकेचं डेटा स्थलांतर फसलं. बँकेला २०२२ मध्ये ४ कोटी ८६ लाख पौंडांहून जास्त दंड झाला, आणि पुढच्या वर्षी तत्कालीन तंत्रज्ञानप्रमुखाला वैयक्तिक ८१,६२० पौंड. दोन विमान अपघातांत ३४६ माणसं गेल्यावर अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्ये कायदा आला. विमान कंपनीत राहून नियामकाच्या वतीने तपासणी करणाऱ्या इंजिनिअरांवर दबाव आणायला त्याने मनाई केली. त्याच महिन्यात आपल्याकडे बँकांच्या नियामकाने एका मोठ्या खासगी बँकेला वारंवारच्या बिघाडांवरून नवे डिजिटल लाँच थांबवायला लावले. बंदी पूर्ण उठायला मार्च २०२२ उजाडला. जे आतल्या इंजिनिअरला म्हणता आलं नसतं, ते बाहेरून म्हटलं गेलं.

२०१८ मध्ये त्या सर्च कंपनीतल्या हजारो कर्मचाऱ्यांनी लष्कराच्या ड्रोनसाठीच्या कामाविरुद्ध पत्रावर सह्या केल्या आणि कंपनीने ते कंत्राट पुढे वाढवलं नाही. ‘तयार आहे का’ याच्या पुढे जाऊन ‘करावं का’ हे विचारणारा हा आवाज होता. आपल्या सर्व्हिस कंपन्यांना तो परवडणारा नव्हता. उत्पादन क्लायंटचं, तारीख क्लायंटची. नाही म्हणायचं तर कोणाला? आता ऐरोली-घणसोलीत परदेशी कंपन्यांची स्वतःची केंद्रं आहेत, उत्पादन घरचं आहे, म्हणून प्रश्न परत आला आहे.

तो परत येईपर्यंत ‘लाँच’ हा शब्दच पातळ झाला. १९ जुलै २०२४ रोजी एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या अपडेटने सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले जात होते. ती फाइल नवं उत्पादन नव्हतीच, रोजची माहिती म्हणून टप्पे न करता सगळीकडे एकदम गेली. शनिवारचा ब्रिज कॉलही बऱ्याच टीममध्ये संपला. कोड मंगळवारी दुपारी झाकून जातो आणि तो चालू करणारं बटण प्रॉडक्टवाल्यांच्या स्क्रीनवर असतं. एक्सेल मात्र अजून आहे. तिच्यात ‘फ्लॅग ओनर’, म्हणजे ते बटण कोणाच्या जबाबदारीवर, असा एक नवा रकाना आला आहे. गेल्या महिन्यात आमच्या फाइलमध्ये मोजला, तेवीसपैकी सतरा ओळींत तो रिकामा होता.