सर्व्हरवरची जागा : दिसते किती, असते किती

आम्ही बसवून दिलेल्या बहुतेक सर्व्हरवर प्रॉक्समॉक्स (एकाच सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल, म्हणजे आभासी, मशीन चालवणारे सॉफ्टवेअर) आहे आणि त्यातल्या व्हर्च्युअल डिस्क 'थिन' पद्धतीच्या आहेत. 1 टीबीच्या एसएसडीवर प्रत्येकी 500 जीबीची तीन मशीन चालतात ती यामुळेच. बेरीज दीड टीबी होते, पण त्यात लबाडी नाही. लग्नाच्या पत्रिका हजार वाटल्या तरी आचाऱ्याला पाने सातशेच सांगतात, तसा हा हिशेब. डेटा लिहिला जाईल तशी मूळ साठ्यातून, म्हणजे पूलमधून, जागा दिली जाते.

अडचण अशी की आतल्या विंडोजला किंवा लिनक्सला याची कल्पना नसते. 'धिस पीसी'त 300 जीबी मोकळे दिसले तरी पूलमध्ये तेवढे शिल्लक असतीलच असे नाही.

फाइल डिलीट केली, जागा का सुटली नाही?

डिलीट करताना ऑपरेटिंग सिस्टिम फक्त स्वतःच्या नोंदीत जागा मोकळी करते. पूलला ते वेगळे कळवावे लागते. त्या आज्ञेला ट्रिम किंवा अनमॅप म्हणतात. विंडोज सर्व्हर 2012 पासून पुढच्या आवृत्त्या हे आपणहून करतात. उबुंटू या लिनक्समध्ये आठवड्यातून एकदा एफएसट्रिम (मोकळी जागा एकदम कळवणारी आज्ञा) चालते आणि आमच्या मते तेवढे पुरते. प्रत्येक डिलीटमागे आज्ञा पाठवली तर काही ठिकाणी काम मंदावते. मात्र प्रॉक्समॉक्समध्ये त्या डिस्कपुढे 'डिस्कार्ड'ची खूण हवी, नाहीतर आज्ञा खाली पोहोचतच नाही. आणि जुना स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) ठेवला असेल तर त्याने धरलेली जागा तो काढेपर्यंत सुटत नाही. "अपडेटच्या आधी घेतलेला, असू दे" म्हणून राहिलेले स्नॅपशॉट हे पूल भरण्याचे नेहमीचे कारण.

पूल भरला तर

एलव्हीएम-थिन (प्रॉक्समॉक्समधला थिन साठ्याचा एक प्रकार) पूल भरल्यावर लिहिण्याचे काम, सेटिंग बदलले नसेल तर, 60 सेकंद थांबवून धरले जाते, मग एरर येते. आपल्याकडे जागा आहे असे समजणाऱ्या लिनक्सला डिस्कच बिघडली असे वाटते. मग ती कधी 'फक्त वाचा' अवस्थेत जाते, तर कधी डेटाबेसची नोंद अर्धवट राहते. खरे तर ऑपरेटिंग सिस्टिमने 'डिस्क बिघडली' आणि 'मागून जागा मिळाली नाही' यांत फरक करून दुसऱ्या बाबतीत वाट पाहायला हवी. मोठ्या स्टोरेजकडून पूल भरत आल्याची सूचना एससीएसआय (डिस्कशी बोलण्याची ठरलेली पद्धत) मार्गाने येऊ शकते, पण ती सिस्टिम लॉगमध्ये जाऊन पडते. दुकानात लॉग कोण उघडतो? म्हणून पूल 70 टक्के भरला की आम्हीच फोन करतो. पूलच्या मेटाडेटाची (कोणती जागा कुणाला दिली या नोंदींची) टक्केवारीही पाहतो, कारण ती जागा भरली तर दुरुस्ती जास्त किचकट.

तुमच्याकडून एवढेच : व्हर्च्युअल डिस्कला फॉरमॅट करायचे तर 'क्विक'च, पूर्ण फॉरमॅट व्हिस्टापासून सगळीकडे शून्ये लिहिते आणि थिन डिस्क फुगू शकते. मोकळी जागा 'साफ' करणारी सॉफ्टवेअरही नकोत. सीसीटीव्हीच्या रेकॉर्डिंगला थिन डिस्क घेऊच नका. ती शेवटी पूर्ण भरणारच, तिथे वाचत काही नाही.

मशीन अडकलेच तर बंद-चालू करू नका, चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करणारी सोय) लावू नका. दुरुस्तीलाही लिहायला जागा लागते. आधी आम्हाला कळवा. पूलमध्ये जागा वाढवून झाली की मगच मशीनला हात लावायचा.